दोष आढळला नाही

बदली झालेला माणूस जाताजाता एकतर आशीर्वाद देतो, नाहीतर टोमणा मारतो. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. त्यांनी नुसती एक माहिती दिली, तीही हसत हसत, म्हणून ती त्याच्या अंगाला चिकटून बसली. बाई आपला पसारा खोक्यात भरत होत्या: पाठीची उशी, दोऱ्याने बांधलेलं पेन, मनगटाला चोळायच्या मलमाची डबी. तो शेजारच्या स्टुलावर बसून त्यांच्या कॉम्प्युटरवरून त्यांचं नाव पुसत होता आणि नव्या येणाऱ्या मुलीचं चढवत होता. "सर, एक सांगू का," बाई म्हणाल्या, "तुम्ही बसलात की हा बघा कसा सुतासारखा सरळ चालतो. तुम्ही उठलात की येरे माझ्या मागल्या. दोन वर्षं बघतेय मी. आमच्या घरातही एक आहेत असे, पाहुणे आले की साखर." त्याने सवयीने उत्तर दिलं, "दर वेळी तपासलाय मी हा. काही दोष नाही त्यात." "तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या, आणि उशी खोक्यात मावेना तेव्हा ती बगलेत मारून चालू लागल्या.

जिना चढताना त्याला वाटलं, हे आपण आणखी कुणाच्या तरी तोंडून ऐकलंय, आणि अलीकडेच. कुणाच्या, ते आठवण्याआधी त्याने सवयीने जिन्यातला दिवा मालवला. दिवसाढवळ्या जळणारा दिवा त्याला बघवत नसे. प्रयोगशाळेतली माणसं त्याला पाठीमागे 'झीरो' म्हणत, झीरोच्या बल्बवरून. त्याला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं आवडायचंही. माणसाला निदान एका गोष्टीसाठी तरी नाव पडावं. रक्ततपासणीची ती प्रयोगशाळा मोठी, तीन मजल्यांची; अडीच वर्षांपूर्वी तिला वीज पुरेनाशी झाली. रक्त ठेवायचे फ्रीज बंद ठेवता येत नाहीत, तेव्हा बाकी ठिकाणी हात आखडा, असं मोठ्या साहेबांनी फर्मावलं. कुणी पंखे सुचवले, कुणी लिफ्ट. त्याने इमारतीतल्या बेचाळीस कॉम्प्युटरांकडे बोट दाखवलं. ते सगळे लिनक्सवर चालत. ही प्रणाली फुकट मिळते म्हणून साहेबांना प्रिय होती, आणि तिचं आतलं सगळं उघडं असतं म्हणून त्याला. जे उघडं आहे ते आपल्याला दिसतंच, असा त्याचा एक भाबडा समज होता. कॉम्प्युटरचं इंजिन म्हणजे प्रोसेसर. तो किती वेगाने पळवायचा हे ठरवणारा एक भाग आत असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. त्या गव्हर्नरला सांगितलं की बाबा रे, पॉवरसेव्ह, वीज वाचव, की चौतीसशेच्या वेगाने धावणारा प्रोसेसर आठशेवर येऊन रांगायला लागतो. बसून खाणाऱ्याला कमी वाढावं, इतका साधा हिशेब. त्याने एका ओळीचा हुकूम लिहिला आणि एका दुपारी बेचाळीसच्या बेचाळीस जागच्या जागी रांगायला लावले. महिन्याच्या शेवटी विजेचा आकडा खाली आला, एक प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. प्रमाणपत्राची चौकट त्याने स्वतः पुसत राहावी असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तो पुसायचा.

गव्हर्नर हा शब्द त्याला नवा नव्हता. बाबा एकतीस वर्षं पाण्याच्या पंपघरात इंजिन चालवत. त्या इंजिनालाही गव्हर्नर होता, डोळ्यांना दिसणारा: उभ्या दांड्यावर दोन लोखंडी गोळे, पेरूएवढे, दांड्याभोवती गरगर फिरणारे. इंजिन जोरात पळालं की गोळे बाहेर फाकून वर उचलले जात आणि तेलाची वाट आवळत; इंजिन दमलं की खाली येत आणि वाट सैल करत. इंजिन बंद केल्यावर ते एकदम पडत नसत. आपल्याला कुणी बंद केलंय हे समजायला वेळ लागावा तसे एकेक फेरा घेत, लहान होत होत, शेवटी दांड्याला टेकत, आधी एक, मग दुसरा, असा खट्ट, खट्ट आवाज होई. लहानपणी शाळेतून परस्पर तिकडे गेला की तो त्या आवाजाची वाट बघत बसे. तीन महिन्यांनी एकदा तपासणीवाले साहेब येत. त्याच्या आदल्या दिवशी बाबा पितळ घासत, जमीन धूत, आठवडाभर किंकाळ्या मारणाऱ्या बेअरिंगमध्ये वंगणाचा गोळा कोंबून वरून ओलं पोतं टाकत. "साहेब दारात आले की इंजिनसुद्धा शहाण्यासारखं वागतं," असं म्हणत. साहेब येत, बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून इंजिनावर हात ठेवून उभे राहत, चेहऱ्यावर खिळ्याने ठोकलेलं हसू. साहेब वहीत लाल शाईने लिहीत: तपासले. दोष आढळला नाही. मग बाबा न हलता, ओठ न हलवता त्याला म्हणत, "गेले का बघ." तो फाटकापर्यंत पळत जाई, मोटार वळली की परत येऊन सांगे, "गेले." तेव्हा कुठे बाबा भिंतीला पाठ घासत खाली बसत, पाय पसरून, बटणं सोडत. बेअरिंगची किंकाळी पुन्हा सुरू होई.

लाल शाईतली ती ओळ त्याला फार आवडलेली. नोकरीत तक्रारींची वही त्याच्याकडे आली तेव्हा त्याने तीच उचलली, तशीच्या तशी. माणूस बापाचं घर घेतो, घड्याळ घेतो. याने बापाच्या साहेबाचं वाक्य घेतलं. वहीत नोंदणी खिडकीच्या एकसष्ट तक्रारी होत्या. हळू चालतो. अडकतो. रक्ताच्या नळीवरची पट्टी छापायला वेळ लागतो. प्रत्येकीसमोर त्याच्या टापटीप अक्षरात तारीख, वेळ, आणि: तपासले, दोष आढळला नाही. तो खोटं लिहीत नव्हता, हे पक्कं. तक्रार आली की तो आपल्या जागेवरून तारेने त्या कॉम्प्युटरात शिरायचा, आकडा बघायचा. आकडा सांगायचा, उत्तम. कधी खाली जाऊन बाईंना उठवून स्वतः आपल्या नावाने शिरून बसायचा. कॉम्प्युटर लोण्यातून सुरी जावी तसा चालायचा. मग तो बाईंकडे बघायचा, बाई पंख्याकडे. एका माणसाला अर्धं मिनिट लागावं तिथे बाईंना दोन दोन मिनिटं लागत, आणि उपाशीपोटी रांगेत ताटकळणारी माणसं काही संत नसतात. बाकीच्या एकेचाळीसांवर बसणारे कुरकुरत नव्हते असं नाही, पण त्यांच्या पुढ्यात रांग नव्हती. रांगेतल्यांच्या तक्रारी वर गेल्या. साहेबांनी त्याला विचारलं, मशीनचा दोष आहे का? त्याने वही उघडून एकसष्ट ओळी दाखवल्या. मशीनचा नाही म्हणजे माणसाचा, हे गणित साहेबांना तोंडी येत होतं. बाईंना तळघरात जुन्या अहवालांच्या खोलीत धाडलं.

खुर्चीत बसल्यावर त्याला आठवलं ते वाक्य कुणाचं. ताईचं. "तुझ्यासमोर ते वेगळे असतात रे." तीन रविवार ती हेच म्हणत होती, तीन वेगवेगळ्या सुरांत: आधी समजावत, मग चिडून, मग नुसतं भांडी विसळता विसळता. बाबा ताईकडे असत. तो दर रविवारी चारला जाई, साडेपाचला निघे. त्या वेळेत कधी खंड पडला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता, जसा प्रमाणपत्राचा. बाबा खुर्चीत बसलेले असत, दाढी केलेली, सदरा गळ्यापर्यंत बंद. ताई म्हणे की आठवडाभर हा माणूस अंथरुणात पडून असतो, घास तोंडात ठेवला तर गिळायचा विसरतो, तिला कधी आई म्हणतो, कधी नळवाली. शुश्रूषागृहात एक खाट मोकळी होत होती. कागदावर दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. तिची झाली होती. "मी एकटी उचलू शकत नाही त्यांना आता. माझी पाठ गेलीय," ती म्हणाली होती. त्याने पद्धतशीर तपासणी केली. तो माणूस पद्धतीचा. बाबांना विचारलं, आज वार कोणता? रविवार. तारीख? बरोबर. पंप किती घोड्यांचा? "चाळीस," बाबा म्हणाले, आणि पुढे, "सगळं व्यवस्थित आहे." मग तो ताईला स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "ताई, तू दमलीस म्हणून तुला तसं वाटतं. मी डोळ्यांनी बघतो ना दर रविवारी." ताईने ओल्या केसांचा पिळा पाठीवर टाकला आणि म्हणाली, "बघतोस खरा." अलीकडे बाबा त्याला 'ये' न म्हणता 'या, बसा' म्हणू लागले होते. चाळिशी ओलांडलेल्या मुलाला बाप मानाने बोलावतो, असा त्याने अर्थ लावला. त्याला बरं वाटलं होतं. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला, तो तीन आठवडे खिशातच होता. सदरे बदलले तशा त्याच्या घड्या मऊ पडत गेल्या.

बाबांचा विचार त्याला नको होता, म्हणून त्याने बाईंच्या कॉम्प्युटरचा केला. तो तरी उघडा होता. 'तुम्ही बसलात की', 'तुम्ही उठलात की'. समजा, क्षणभर, बाई खरं बोलतात. मग प्रश्न एवढाच उरतो की मी नसताना तो काय करतो. आणि मी नसताना बघणार कोण? इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता याचं त्याला नवल वाटलं, आणि मग ते नवल जरा घाणेरडं वाटलं, खिशात हात घालावा आणि ओलं काहीतरी लागावं तसं. त्याने एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला, पाळतीवर बसणारा. दर मिनिटाला वेग टिपायचा, कुणाला कळू न देता, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी तो खिडकीच्या कॉम्प्युटरात ठेवला, बाहेर पडला, आणि दिवसभर तिकडे फिरकला नाही. हात शिवशिवत होते. एकदा तर बोटं कळांवर गेली आणि त्याने ती मांडीखाली दाबून धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यादी उघडली. आठशे. आठशे. आठशे. आठशे. सातपासूनचा आठशेचा सरळ, सपाट, कंटाळवाणा खांब, वाळवंटासारखा पानभर, आणि त्यात एकच बेट: अकरा वाजून सहा मिनिटं ते अकरा चौदा, चौतीसशे. त्या वेळी त्याने काय केलं होतं? काही नाही. म्हणजे, नव्या मुलीने फोन केला होता, पट्टी निघत नाही म्हणून, आणि त्याने आपल्या हाताखालच्या माणसाला सांगितलं होतं, जरा शिरून बघ, माझ्याच नावाने शीर. त्याने वही उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. त्याने ती फाइल उघडली जी त्या कॉम्प्युटरांत कुणी शिरलं की सगळ्यात आधी वाचली जाते, आणि तिथे त्याचं स्वतःचं अक्षर होतं. कॉम्प्युटरात अक्षराला वळण नसतं म्हणतात, पण आपलं अक्षर आपल्याला कळतं. दोन ओळी. माझ्या नावाने कुणी आत आलं की पूर्ण वेग. बाहेर पडलं की परत पॉवरसेव्ह. त्याच्यावर शेरा: तात्पुरतं. नंतर काढणे. तारीख अडीच वर्षांपूर्वीची, हुकूम सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्याला आठवलं. रांगणाऱ्या बेचाळीस कॉम्प्युटरांत शिरून काम करताना त्यालाच वैताग आला होता, म्हणून आपल्यापुरती सोय. आठवडाभरासाठी. एकसष्ट वेळा त्याने दारातून आत पाऊल टाकलं होतं, एकसष्ट वेळा त्या पावलानेच आतल्याला दणका देऊन उभं केलं होतं, आणि एकसष्ट वेळा त्याने लिहिलं होतं की इथे सगळे उभेच आहेत.

त्याने दोन ओळी पुसल्या, खिडकीचा वेग मोकळा केला. तीस सेकंदांचं काम. दुपारपर्यंत रांग निम्मी झाली. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "नवीन मुलगी चटपटीत आहे. बघा, माणूस बदलला की फरक पडतो." तो म्हणाला, "साहेब, दोष माणसाचा नव्हता. माझी एक चूक..." साहेबांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे, अगदी मायेने. "चालू झालं ना? मग उकरू नका. बदलीचा कागद परत फिरवायचा म्हणजे मला सतरा सह्या." त्याने मान हलवली. मान हलवायला फार वीज लागत नाही.

तळघरात तो गेला, त्याला जावंच लागलं. बाई खोक्यांच्या भिंतीआड उशीला टेकून बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दोन ओळी, शेरा, तारीख, काही न वगळता. त्याला वाटत होतं सांगून झालं की काहीतरी खाली उतरेल. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "मला एवढं आतलं नव्हतं कळत. पण तुम्हाला फोन केला की तो चालतो, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. रांग दाराबाहेर गेली, एखादं पोर उपाशीपोटी रडायला लागलं, की मी तक्रार टाकायची. तुम्ही 'बघतो' म्हणायचात, की माझे दहा मिनिटांत वीस जण निघायचे. एकसष्ट म्हणता? मी जास्त टाकल्या असत्या, पण म्हटलं, उगाच सरांना किती त्रास." त्या हसल्या. "मला वाटायचं, तो तुम्हाला घाबरतो." तो म्हणाला, "तुम्ही मला सांगायचं होतं." "सांगितलं ना," बाई म्हणाल्या. "एकसष्ट वेळा." त्यांच्या आवाजात राग असता तर त्याला आधार मिळाला असता. "जाताना दिवा राहू द्या सर. मालवू नका. मला दिसत नाही इथे." त्याचा हात खरोखरच बटणावर गेलेला होता.

रविवार यायला तीन दिवस होते. ते तीन दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. बाहेरून बघणाऱ्याला तो नेहमीसारखाच दिसला असता. पहिल्याच दिवशी त्याने कागदावर सही केली, घडीच्या रेघेवर शाई फुटली. फोन करून ताईला सांगावं असं दोनदा वाटलं आणि दोनदा त्याने ते रविवारवर ढकललं, कारण फोनवर सही दिसत नाही, आणि त्याला ती दाखवायची होती. चांगलं काम केलं की ते दिसावं असं वाटतं माणसाला. रविवारी चारला त्याने बेल वाजवली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ताईचा दबलेला आवाज, मग दार. आवाज आजच आला होता, की दर रविवारी येत होता आणि आपण तो आजच ऐकला? ताईचे केस ओले होते. दर रविवारी तिचे केस ओलेच असत. त्याला वाटायचं ही बाई आंघोळ कधी वेळेवर करत नाही. आता त्याला कळलं की आठवड्यात बाबा आपले आपण ताठ बसतात ते तो यायचा असतो तेव्हाच, दाढी झाल्यापासून, आणि तेवढ्यात ती नहाते. त्याने चपला काढल्या नाहीत, बूट होते, ते सोडताना नाडीची गाठ बसली.

"या, बसा," बाबा म्हणाले. दाढी गुळगुळीत, हनुवटीखाली एक ताजा काप. "आज रविवार," ते त्याने न विचारताच म्हणाले आणि तारीख सांगितली. "सगळं व्यवस्थित आहे." आज त्याने काहीच विचारलं नाही. तो नुसता बसला. चहा आला, त्याचा संपला, बाबांचा कप बशीत तसाच राहिला, साय धरली. आपण विचारलं नाही तर बाबांना सैल पडता येईल, असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच, प्रश्न येत नाही म्हणून बाबा आणखी ताठ झाले, जणू साहेब काहीतरी मोठं काढणार आहेत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं इतकी घट्ट होती की नखांखाली पांढरं पडलं होतं. चेहऱ्यावर हसू होतं. पायजम्याच्या आत डावा गुडघा बारीक थरथरत होता, एकसारखा, किंकाळी दाबलेल्या बेअरिंगसारखा. साडेपाच वाजले. तो उठला नाही. आज मी निघणार नाही, त्याने ठरवलं, आज मी बाबा थकेपर्यंत बसणार, मग जे खरं आहे ते माझ्यासमोर येईल आणि मी ते बघेन, बघितलं पाहिजे. पावणेसहा. बाबांच्या कानामागून घामाची धार गळपट्टीत उतरली. "चाळीस घोडे," ते म्हणाले. "व्यवस्थित." सहा. ताई स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिने त्याला मानेनेच आत बोलावलं.

त्याने कागद काढून ओट्यावर ठेवला. "सही केलीय, ताई. तू म्हणत होतीस ते खरं होतं. मला आता..." ताईने कागदाकडे बघितलं, ओला हात पुसून तो उचलला, सही बघितली, आणि नीट घडी करून डब्याखाली सारला. "ती खाट गेली रे. शुक्रवारी कुणीतरी घेतली."

"मग पुढची?"

"पुढे अकरा नावं आहेत." ती हे जेवायला काय आहे ते सांगावं तसं म्हणाली. "घालते आपलं नाव. बारावं."

"मी येत जाईन. रोज येईन."

ताई पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू थेट बाबांच्या वळणाचं होतं. "नको. आठवड्यातून एकदाच निभतं कसंबसं. रविवारनंतर दोन दिवस घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. आता ऊठ, म्हणजे, नीघ. तू असेपर्यंत ते सुटायचे नाहीत."

"मला बघायचंय, ताई."

"तुझं बघणंच झेपत नाही त्यांना," ती म्हणाली, आणि नळ सोडला.

तो बाहेरच्या खोलीत आला, म्हणाला, "येतो, बाबा." बाबांनी अर्धवट उठून हात जोडले. कधीपासून हा माणूस मला हात जोडतो? तो बोळात गेला. बूट उचलले. मधल्या दाराला पडदा होता, एका बाजूला चार बोटं फट. त्याने घराचं दार उघडलं आणि जोरात आपटून लावलं, आतूनच. मग बूट हातात धरून, मोज्यांवर, श्वास नाकाशी अडवून उभा राहिला. पाळतीवर.

आत नळ बंद झाला. मग बाबांचा आवाज, ओठ न हलवता काढलेला. "गेले का बघ."

ताई स्वयंपाकघरातून आली. दाराशी जायला म्हणून ती पडद्यापर्यंत आली आणि फटीतून तिला तो दिसला: मोजे, हातात बूट, भिंतीला चिकटलेला. ती दचकली नाही. तिने त्याच्याकडे बघत बघत, मान न वळवता सांगितलं, "गेले."

"मोटारीत बसले?"

"बसले."

"काय लिहून गेले?"

ताईचे केस अजून वाळले नव्हते. खांद्यावर तिचा पदर भिजून गडद झाला होता. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही. "तपासले," ती म्हणाली. "दोष आढळला नाही."

"मग बरं," बाबा म्हणाले. आणि तिच्या खांद्यावरून, चार बोटं फटीतून, त्याने बघितलं. एकदम काही पडलं नाही. आधी हसू उतरलं, मग मान, मग एक हात खुर्चीवरून घसरला, थोड्या वेळाने दुसरा. तोंड उघडं पडलं. गळ्याचं बटण सोडायला वर आलेली बोटं बटणाशी पोचून, आपण कशाला आलो ते विसरून, तिथेच थांबली. मग खुर्चीखालून फरशीवर ओल पसरत आली, सावकाश, पडद्याच्या दिशेने. ताई वळली. तिने फडकं घेतलं नाही. आधी त्यांच्या बगलेत हात घातले, एक गुडघा टेकला, कण्हली, उचलेना, पुन्हा घातले.

त्याने पुढे जाऊन दुसरी बाजू धरली असती. पण तो आत गेला असता तर बाबा पुन्हा ताठ बसले असते. बाहेर जावं, तर दार वाजलं असतं. तो बूट हातात धरून उभा राहिला.